छापील पान राहणार, पण ते मांडणार कोण?



"आता सगळं मोबाईलवर आलंय, मग छापील पुस्तकं किती दिवस टिकणार?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. छापील पान राहणार आहे, फक्त ते मांडण्याचे काम छापखान्यातून आपल्या हातात आले आहे. आणि डी.एड.ला हे काम आपल्याला कोणी शिकवलेले नाही. म्हणून हा छोटा पाठ.

कागद का टिकतो?

कालनिर्णयचे उदाहरण घ्या. १९७३ साली ते सुरू झाले. आज तिथी, सण, मुहूर्त सगळे फोनवर मिळते, तरी घराघरांत भिंतीवर ते टांगलेले असतेच. कारण पूर्ण महिना एका नजरेत दिसतो, घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि दुधाचा हिशेब त्याच चौकटीत लिहिता येतो. म्हणजे कागद टिकतो तो त्याच्या मांडणीच्या उपयोगामुळे.

उलट उदाहरणही आपल्याच वर्गातले आहे. २०२३-२४ मध्ये दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी पाठ्यपुस्तके चार भागांत आली आणि पाठांच्या शेवटी वहीची कोरी पाने जोडली गेली. हेतू चांगला होता. पण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पाने बंद झाली. मूल पान प्रत्यक्षात कसे वापरते, यावर मांडणीचे यश ठरते.

मधली माणसे गेली

पूर्वी मजकूर मुलाच्या हाती पडण्याआधी जुळारी एकेक खिळा जुळवायचा, मग मुद्रितशोधक तपासायचा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव झाले ते सुबक अक्षरांमुळे. पुढे डीटीपी आले, तरी तपासणारा माणूस होता. आज आपण रात्री फोनवर कार्यपत्रिका बनवतो आणि सकाळी झेरॉक्स काढून वाटतो. मध्ये कुणीच नाही!

याचा फटका पहिली-दुसरीच्या मुलाला बसतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द बघा. एक मान गुरूंना, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांना! फॉन्ट नीट नसेल तर 'ऱ्य' तुटतो आणि अर्थ बदलतो. आपण अंदाजाने बरोबर वाचतो, पण नव्याने वाचायला शिकणारे मूल जे दिसते तेच खरे मानते.

'ल' आणि 'श' यांचेही तसेच. मराठी वळणाची ही अक्षरे हिंदी वळणापेक्षा वेगळी आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायचे ठरले. पण संगणकावर आपोआप येणाऱ्या अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण असते. फळ्यावर एक 'ल', कागदावर दुसराच. मुलाने गिरवायचा कोणता?

छापण्याआधी एवढे तपासा

१. फॉन्ट युनिकोड आहे ना? जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हे दिसू शकतात.

२. ल, श, ऱ्य, क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरे छापलेल्या कागदावर बघा, नुसती पडद्यावर नको.

३. ओळी डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांत ओबडधोबड फटी पडतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नका.

४. पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे असतात. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत रंग कागदावर फिका पडतो. आणि झेरॉक्समध्ये तर सगळेच काळे-करडे! म्हणून "लाल फळाला गोल करा" असा प्रश्न झेरॉक्सवर देऊ नका.

५. व्हॉट्सॲपवर फिरून आलेले चित्र फोनवर छान दिसते, मोठे छापले की धूसर होते. मूळ फाईल मागवा.

६. समास सोडा. लहान हाताला कागद धरायला जागा लागते, आणि उत्तराची जागा मुलाच्या अक्षराएवढी हवी, आपल्या अक्षराएवढी नव्हे.

मग पुढे काय?

सूचना, निकाल, वेळापत्रक फोनवर जाईल, जाऊ दे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मुलाला व्हिडिओपर्यंत नेतो, तेही चांगलेच. पण गिरवणे, रंगवणे, खोडणे, परत लिहिणे यासाठी कागद लागणारच. कागद कमी वापरू, पण जो वापरू तो विचार करून.

पालकहो, मुलाला घरी कागद मिळाला की "किती मार्क पडले?" याआधी "तुला हे वाचता येतंय का?" असे विचारून बघा. अडलेला शब्द आम्हाला कळवा. कधी कधी चूक मुलाच्या वाचनात नसते, आम्ही दिलेल्या पानात असते.