चोरीचा आळ आणि चोरीचा गुन्हा

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. परंतु चोर कोणाला म्हणावे हे कायदा कसे ठरवतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ बायकांचा चरितार्थ त्यावरच चालतो. कुणाच्या घरी अंगठी सापडेनाशी झाली की पहिला संशय मोलकरणीवर येतो. त्यामुळे हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाही.

चोरी म्हणजे काय?

१८६० चे भारतीय दंड विधान १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्याच्या ३७८ व्या कलमात चोरीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. व्याख्या मात्र जवळजवळ तीच राहिली असून ती आता ३०३ व्या कलमात आहे. तिच्यात पाच गोष्टी येतात : हेतू लबाडीचा हवा, वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात असायला हवी, त्याची संमती नसायला हवी आणि ती वस्तू जागची हलवलेली हवी. यांतील एकही गोष्ट नसेल तर ती चोरी ठरत नाही.

कायद्यानेच दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. जमिनीत उभे असलेले झाड जंगम नव्हे. पण लबाडीने ते तोडले की जमिनीपासून सुटताच चोरी होते. रस्त्यावर बेवारस पडलेली अंगठी उचलली तर ती चोरी नव्हे, कारण ती कुणाच्याच ताब्यात नसते. मात्र ती स्वतःची म्हणून वापरली तर अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. मित्राच्या घरचे पुस्तक वाचून परत करण्यासाठी, त्याची संमती असेलच असे समजून नेले, तर तीही चोरी नव्हे. याउलट, कचेरीतील फाईल परवानगीविना नेऊन दुसऱ्या दिवशी परत ठेवली, तरी ती चोरीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका खटल्यात १९६२ साली दिला. वस्तू परत केली म्हणजे गुन्हा पुसला गेला, असे नाही.

शिक्षा किती?

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरल्यास कमीत कमी एक व जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी आणि दंड. माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. ही तरतूद नव्या संहितेत प्रथमच आली. राहत्या घरातील चोरीला (कलम ३०५) सात वर्षांपर्यंत कैद व दंड. चोरीसाठी मारहाण केली वा धाक दाखवला तर ती जबरी चोरी. आणि जबरी चोरी करणारे पाच वा अधिक असले तर तो दरोडा.

आता कलम ३०६ पाहा. कारकुनाने वा नोकराने मालकाची वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत कैद व दंड. विश्वासाने घरात घेतलेल्या माणसाने विश्वास मोडला म्हणून शिक्षा जास्त, हे समजण्यासारखे आहे. परंतु समाजसेवेची सवलत ३०३ व्या कलमात आहे, ३०६ व्या कलमात ती लिहिलेली नाही. म्हणजे पाचशे रुपयांच्या वस्तूसाठीही मोलकरणीपुढे सात वर्षांचे कलम उभे राहू शकते. जिथे शिक्षा इतकी जड, तिथे आळ घेणाऱ्याने जीभ दहादा आवरायला नको काय?

आळ आला तर

संशय म्हणजे पुरावा नव्हे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. अटक झाल्यास, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अपवादात्मक परिस्थितीखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मात्र चोरीचा माल चोरीनंतर लगेच एखाद्याजवळ सापडला आणि तो कसा आला हे त्याला सांगता आले नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, हे सारे आमच्या वस्तीत फारसे कुणाला ठाऊक नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातली एक संध्याकाळ तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांना बोलावून या माहितीसाठी द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. श्रोते वस्तीत जमवण्याचे काम मी करीन.