घरातील विस्तव आणि धुराची वाट

द्वारका ही दिल्लीच्या नैर्ऋत्य भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने आखून वसविलेली उपनगरी होय. पूर्वी हा प्रकल्प पप्पनकलां या नावाने ओळखला जात असे. आज तेथे सहकारी गृहसंस्थांच्या बहुमजली इमारती आहेत आणि त्यांच्यामधून पोचनपूर, अंबरहाई, भरथल यांसारखी जुनी गावेही टिकून आहेत. जानेवारीत येथील रात्रीचे तापमान कित्येकदा ५ अंश सेल्सियसच्या खाली उतरते. अशा वेळी घरात विस्तव असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. नवी दिल्लीतील इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंगल्यांतून भिंतीतील शेगडी, म्हणजेच फायरप्लेस, आजही पाहावयास मिळते. तशी शेगडी आपल्या घरी बसविता येईल काय, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भिंतीत दिसते ती निम्मी शेगडी असते. उरलेली निम्मी भिंतीच्या आत आणि छपराच्या वर असते. ती म्हणजे धुराडे.

धुराडे कसे काम करते

तापलेली हवा थंड हवेपेक्षा हलकी असते. धुराड्यात तप्त हवेचा उंच स्तंभ तयार झाला की तो वर चढू लागतो आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलीतील हवा विस्तवाकडे ओढली जाते. या ओढीमुळेच धूर खोलीत न येता बाहेर जातो. धुराडे जितके उंच, सरळ आणि आतून उबदार, तितकी ओढ चांगली. धुराडे आखूड, वाकडे अथवा थंड असेल तर धूर माघारी फिरतो.

या विषयाचा शास्त्रीय विचार प्रथम ज्यांनी केला त्यांत बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यांचे नाव अग्रभागी आहे. १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी तत्कालीन शेगड्यांचे दोष दाखवून दिले. शेगडी खोल नसावी, तिच्या बाजूच्या भिंती तिरप्या असाव्यात म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल आणि धुराड्याचा गळा सुमारे ४ इंच इतका अरुंद असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. या साध्या सुधारणांनी लंडनमधील अनेक दिवाणखाने धुरापासून मुक्त झाले.

बांधणीचे नियम

ज्याच्या घरावर स्वतःचे छप्पर आहे, त्याला पुढील नियम उपयोगी पडतील. धुराड्याच्या नळीचे आतील क्षेत्रफळ शेगडीच्या तोंडाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके असावे. तोंड ३० इंच रुंद व २४ इंच उंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ ७२० चौरस इंच होते. त्यास ७२ चौरस इंचांची, म्हणजे जवळजवळ १० इंच व्यासाची नळी लागेल. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथून ते किमान ३ फूट उंच असावे आणि १० फुटांच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट वर असावे. शेजारची भिंत अथवा पाण्याची टाकी उंच असेल तर तिच्यावरून येणारा वारा धूर खाली ढकलतो, म्हणून हा नियम.

शेगडीच्या आतील बाजूस भट्टीत वापरतात तशा उष्णता सोसणाऱ्या विटा असाव्यात. समोरची जमीन किमान १६ इंचांपर्यंत आणि दोन्ही बाजूंस ८ इंचांपर्यंत दगड वा फरशी यांचीच असावी. तेथे सतरंजी अंथरू नये. लाकडी तुळई धुराड्याच्या बांधकामाला चिकटून नसावी. निदान २ इंचांचे अंतर राखावे. खोलीत बाहेरची हवा येण्यास वाट असलीच पाहिजे. स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल आणि दारे-खिडक्या बंद असतील, तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि तिच्यासोबत धूरही घरात येतो.

वापरताना घ्यावयाची काळजी

जळण वाळलेले असावे. त्यातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० पेक्षा कमी हवे आणि त्यासाठी फोडलेली लाकडे आडोशाला, वारा खेळेल अशी रचून सहा महिने ते वर्षभर ठेवावी लागतात. ओले लाकूड धुमसते. त्याचा धूर धुराड्याच्या थंड भिंतीवर गोठून डांबरासारखा काळा थर धरतो. हा थर स्वतः ज्वलनशील असतो. तो पेटल्यास धुराड्यातच आगीचा लोळ उठतो. म्हणून वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, धुराडे तपासून काजळी काढावी. रंगविलेले लाकूड, प्लायवुड अथवा प्लास्टिक जाळू नये. त्यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. राखेत झाकलेले निखारे कित्येक तास, प्रसंगी काही दिवसही जिवंत राहतात. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी. विस्तव पूर्ण विझल्याशिवाय धुराड्याची झडप कधीही लावू नये.

न दिसणारा वायू

या शेवटच्या नियमाचे कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू होय. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो आणि मग रक्त वाहत असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. झोपलेल्या माणसाला यांपैकी काहीच कळत नाही.

लोकांची सर्वांत मोठी चूक धुराविषयी होते. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस सावध होतो. कोळशाच्या पेटलेल्या अंगिठीतून धूर येत नाही, म्हणून ती निर्धोक समजून खोलीत आणली जाते. प्रत्यक्षात निखाऱ्यांच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो. धूर थांबतो तेव्हा धोका संपत नाही. फक्त त्याची सूचना मिळेनाशी होते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतील अलीपूर भागात एकाच कुटुंबातील चौघे आणि इंद्रपुरी भागात दोघे बंद खोलीत अंगिठी ठेवून झोपले असता मरण पावले. अशा बातम्या उत्तर भारतात जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात. महाराष्ट्रातील वाचकानेही हे परके समजू नये. बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर हाच वायू निर्माण करू शकतो.

कोणास अशी बाधा झाल्याचा संशय आला तर दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत न्यावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावे, कारण शुद्ध प्राणवायू दिल्यानेच हा वायू रक्तातून लवकर बाहेर पडतो.

द्वारकेतील घराचा निर्णय

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बहुमजली इमारतीतील सदनिकेला स्वतःचे छप्पर नसते. तिच्या माथ्यावर दुसऱ्याचे घर असते. तेथे धुराडे छपरापर्यंत नेण्यास जागा नाही आणि खिडकीतून काढलेली आखूड नळी धुराड्याचे काम करू शकत नाही. म्हणून सदनिकेत लाकडाची शेगडी बसवू नये, हेच उत्तर योग्य ठरते.

ज्यांचे घर स्वतंत्र आहे त्यांनाही आणखी एक विचार करावा लागतो. हिवाळ्यात दिल्लीवर थंड हवेचा थर साचतो आणि धुराड्यातून निघालेला धूर दूर न जाता वस्तीवरच रेंगाळतो. याच कारणास्तव हवेच्या प्रदूषणाविरुद्ध आखलेल्या टप्प्याटप्प्याच्या कृतियोजनेत उघड्यावर लाकूड जाळण्यास प्रतिबंध आहे आणि रात्रीच्या पहारेकऱ्यांना शेकोटी पेटवावी लागू नये म्हणून निवासी संघांनी त्यांना विजेचे हीटर द्यावेत, असे सांगितले आहे. हीटर देणे हा उपकार नव्हे. ज्याला रात्रभर फाटकाशी बसावयाचे आहे त्याला ऊब हवीच. ती मिळाली नाही तर तो हाताशी येईल ते जाळील, किंवा अंगिठी घेऊन आपल्या लहानशा खोलीचे दार लावून घेईल.

सदनिकेत तेल भरलेला विजेचा हीटर हा त्यातल्या त्यात निर्धोक उपाय आहे. २,००० वॅटच्या हीटरला सुमारे ९ अँपिअर वीज लागते. म्हणून तो मोठ्या सॉकेटलाच जोडावा, वाढीव तारेवर चालवू नये आणि त्यावर कपडे वाळत घालू नयेत.

विस्तव लहान असो वा मोठा, त्याला दोन वाटा द्याव्या लागतात: हवेला आत येण्याची आणि धुराला बाहेर जाण्याची. ज्या घरात या दोन वाटा नाहीत, तेथे विस्तव न आणणे हीच शहाणपणाची गोष्ट होय.