गाडी आमची, अंगण त्यांचं

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि साडेचार वर्षांची लेक, ईको व्हॅनमध्ये अंथरूण-पांघरूण, चूल-भांडी भरून आठ दिवस नागपूरहून गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याकडे गेलो. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माझी चौथीपर्यंतची वर्षं मुलचेरा तालुक्यातच गेली. दिना नदीचं पाणी, सागाच्या पानावरचा भात, शेजारच्या बंगाली घरातून येणारा मोहरीच्या तेलाचा वास, हे सगळं मी लेकीला गोष्टीत सांगत आले होते. आता ते तिला दाखवायचं होतं. मुक्कामाची ठिकाणं त्या वाटेवर मोजकी, म्हणून गाडीतच झोपायचं ठरवलं. परत आल्यापासून लहान मुलं असलेल्या मैत्रिणी विचारतात, जमलं कसं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. पाट घाला, पण गाडी कापू नका.

मागची सीट उपटून कायमचा पलंग ठोकायचा आमचा पहिला विचार होता. ओळखीच्या मेकॅनिकने थांबवलं, आणि त्याचं बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. त्याला आरटीओची परवानगी लागते. मग सुताराकडून तीन घडीचा प्लायवूडचा पाट करून घेतला. दिवसा तो घडी होऊन सामानावर बसतो, रात्री मागच्या सीटवर पसरतो. त्यावर कापसाची गादी. फोमपेक्षा जुन्या साड्यांची गोधडी बरी, थंडीत अंगाला लागून राहते.

चालत्या गाडीत मात्र पाट पसरायचा नाही, लेक कितीही पेंगुळली तरी. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं असलं पाहिजे, नाहीतर हजार रुपये दंड, असं २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. दंड सोडा. आष्टी–आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रांगेने येतात आणि झाडीतून गुरं अचानक समोर उतरतात. तिथे ब्रेक किती वेळा करकचून दाबावा लागतो ते मी पाहिलंय. मूल मोकळं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

२. घड्याळ लेकराचं.

उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल करत पहिल्याच दिवशी चामोर्शी गाठू, असं कागदावर लिहिलं होतं. सिंदेवाहीच्या पुढे लेकीने जे भोकाड पसरलं ते थांबेना. भूक नव्हती, तहान नव्हती. तिला फक्त उतरायचं होतं. उतरवलं. धान कापून झालेलं, शेतात पुंजणे, म्हणजे धानाच्या भाऱ्यांचे ढीग, उभे. ती एका पुंजण्याभोवती अर्धा तास गोल फिरली आणि मग आपणहून गाडीत येऊन बसली.

त्या दिवसापासून आम्ही गाडी सलग सव्वा तासाच्या वर चालवली नाही. जेवणानंतर ती सीटवर झोपते, तो मोठा टप्पा. बाकी वेळ गाडी थांबण्यासाठीच आहे असं धरून चाललो. आठ दिवसांतल्या ज्या गोष्टी ती आजही सांगते, त्यातल्या बहुतेक अशा मधल्याच थांब्यांवरच्या आहेत. मार्कंड्याला मी तिला देवळांवरची शिल्पं दाखवत होते. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते म्हणून त्या जागेचं माहात्म्य, हेही सांगत होते. तिने काय लक्षात ठेवलं? वाळूत खड्डा केला की खालून पाणी येतं. तिच्या वयाला तेच मोठं आहे.

पहिली रात्र मूलच्या अलीकडे एका गावात काढली. तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, होती आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर होळीपर्यंत या भागात ही नाटकं चालतात, रात्री सुरू होतात आणि पहाटेपर्यंत लोक हलत नाहीत. मंडपापासून थोडं लांब गाडी लावली. लेक पाटावर झोपली आणि आम्ही दोघं आळीपाळीने नाटक पाहून आलो. नायिकेचं रडणं गाडीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं, पण लेकीने कूससुद्धा बदलली नाही.

३. चार वाजता मुक्काम.

डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं. गडचिरोलीच्या जंगलात अलीकडे वाघांचा वावर वाढला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही जिल्ह्यात फिरताहेत. त्यामुळे अंधारात गाडी चालवायची नाही आणि जंगलात गाडी लावून झोपायचं नाही, या दोन गोष्टींवर आमच्यात वाद झालाच नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं, चूल पेटवणं हा गुन्हाही आहे. परदेशातल्या चित्रफितींत तळ्याकाठी एकटी गाडी, दार उघडं, आत चहा पिणारं कुटुंब दिसतं. ते इथे मनातून काढून टाका. इथली मुक्कामाची जागा म्हणजे गाव.

नव्या तालुक्यात शिरलो की पोलीस ठाण्यात किंवा वाटेतल्या पोलीस मदत केंद्रात नावं, गाडीचा नंबर आणि पुढचा मुक्काम सांगून जात होतो. नक्षलवादाची लांब छाया या जिल्ह्याने सोसली आहे. अनोळखी गाडी रात्री दिसली की गावकऱ्यांना आणि पोलिसांना दोघांनाही प्रश्न पडतो. तो आधीच सोडवलेला बरा.

४. विचारल्याशिवाय चाक थांबवू नका.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात अशा गाड्यांसाठी वीज-पाण्याची सोय असलेल्या वाहनतळांची कल्पना आहे. आमच्या वाटेवर तसा तळ आम्हाला लागला नाही. आम्ही अंगणात राहिलो. सरपंच किंवा पोलीस पाटलाचं घर विचारायचं, तिघांनीही उतरून जायचं, चपला बाहेर काढून बसायचं, पाणी प्यायचं, मग विषय काढायचा. "रात्रीपुरती गाडी लावू का?" असं गाडीतूनच विचारलं तर उत्तर वेगळं येतं. बसून विचारलं की "लावा ना जी, लेकरू आहे संग, अंगणातच लावा" असं येतं. माडिया-गोंड वस्तीत आधी "जोहार" म्हणायचं. लेक दुसऱ्या दिवसापासून आमच्या आधी म्हणायला लागली.

मुलचेऱ्यात बाबांच्या शाळेजवळ राहायचं आम्ही ठरवलं होतं, पण शाळेच्या आवारात काम चालू होतं. तिथल्या शिपायाने पलीकडच्या बंगाली गावात पाठवलं. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने या जंगलात जमीन देऊन वसवलं. झाडं तोडून, तळी खणून त्यांनी इथे धान आणि मासे पिकवले. मराठी शाळेत शिकलेली त्यांची तिसरी-चौथी पिढी आता आहे. माझ्या वर्गातली अर्धी मुलं त्यांचीच होती. तरी इतक्या वर्षांत, कोणाच्या घरी काय सोडून आले असतील, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ज्या घराच्या अंगणात गाडी लावली तिथे एक आजी होत्या. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "एशो मा, बोशो मा." लेक गोंधळली. "मी मा नाही, मी मुलगी आहे. मा ही आहे," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. आजी खूप हसल्या. बंगालीत लहान मुलीला लाडाने 'मा' म्हणतात हे मी तिला समजावलं. तेव्हापासून ती स्वतःच्या बाहुलीला मा म्हणते.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आमच्याकडे मार्गशीर्षातला गुरुवार, महालक्ष्मीचा. त्यांच्याकडेही गुरुवार लक्ष्मीचाच, लोक्खीबार. तांदूळ वाटून केलेल्या पातळ पिठात बोट बुडवून आजी उंबऱ्यापासून देवापर्यंत लक्ष्मीची पावलं काढत होत्या. लेक त्यांच्या मागून एकेक पाऊल काढत गेली, वाकडी, मोठी, काही उलट्या दिशेची. आजींनी एकही पुसलं नाही. मी गाडीतून कलश आणला नव्हता. त्यांच्या पाटावरच माझा नारळ ठेवला. आम्ही एक रात्र राहणार होतो, तीन राहिलो.

निघताना मी पैसे पुढे केले ते आजींच्या सुनेला आवडलं नाही. ती चूक माझी. मग धान उफणायला हात लावला, धानाची पोती आमच्या गाडीतून गिरणीवर पोचवली, मोहरीच्या तेलाचे दोन डबे बाजारातून आणून दिले. हे त्यांनी घेतलं.

५. पाणी, आणि शी.

वीस लिटरचे दोन कॅन. एक पिण्याचा, एक वापराचा, आणि त्यांची झाकणं वेगळ्या रंगाची. पिण्याचं पाणी रोज संध्याकाळी उकळायचं. त्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर आठ दिवसांना पुरून उरला. चूल कायम गाडीच्या बाहेर, दारापासून पाच पावलं लांब. आत कधीच नाही.

लेकीसाठी झाकणाची पॉटी घेतली होती. तळाला आणि वरून धानाचं तूस टाकलं की वास येत नाही. भात गिरणीवर तूस मागितलं तर पोतं भरून देतात. सकाळी गावाच्या बाहेर, विहीर-नाल्यापासून दूर, हातभर खड्डा करून पुरायचं. डायपर पुरायचे नाहीत. ते बांधून गाडीतून परत आणायचे. हे लिहायला साधं वाटतं, पण आमच्या प्रवासाची निम्मी शांतता या तुसावर उभी होती.

६. मच्छरदाणी विसरलात तर परत फिरा.

गडचिरोली हा राज्यातल्या सगळ्यात जास्त हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच लहान मुलाला घेऊन गाडीत झोपायला येऊ नका, हे मी ठामपणे सांगते. आम्ही थंडीत गेलो तरी प्रत्येक खिडकीला बारीक जाळी शिवून तिला काठाने चुंबक लावले होते. आत पुन्हा मच्छरदाणी होतीच.

तरी चौथ्या रात्री लेकीला ताप आला. १०२. माझे हात थरथरत होते. आजींच्या सुनेने टॉर्च घेतला आणि गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना बोलावून आणलं. त्या रात्री साडेनऊला किट घेऊन आल्या. लेकीच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला आणि आम्ही सगळे त्या पट्टीकडे पाहत बसलो. एकच रेघ आली, म्हणजे हिवताप नाही. सर्दीचाच ताप होता. वजन विचारून त्यांनी पॅरासिटामॉलचं औषध मोजून दिलं आणि उद्या पुन्हा ताप आला तर सरळ अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, असं बजावलं. पहाटेपर्यंत घाम येऊन अंग थंड झालं. पोहोचल्यावर आधी आशाताईंचं घर कुठे ते विचारून ठेवा. मी ते केलं नव्हतं, माझ्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी धावावं लागलं.

७. एका दिवशी एकच गोष्ट.

आलापल्लीचं वनवैभव, कमलापूरचा हत्ती कॅम्प, हेमलकसा: नकाशावर सगळं जवळजवळच दिसतं. आम्ही त्यातल्या दोनच जागा केल्या. वनवैभवात जुन्या सागांना मिठी मारायची होती. आम्ही तिघांनी हात धरले तरी एका खोडाला वेढा पुरला नाही. लेकीला वाटलं आपल्यात एक माणूस कमी आहे. "आजीला बोलवू," म्हणाली. कोणती आजी, हे विचारावं लागलं नाही.

कमलापूरला माहूत आणि चाराकटर हत्तींसाठी खुराक शिजवत होते. लेक दीड तास तेवढंच पाहत बसली. हिवाळ्यात काही दिवस या हत्तींना सुट्टी देतात आणि पायांना औषधी वनस्पतींचा लेप लावतात, याला चोपिंग म्हणतात. तेव्हा कॅम्प बंद असतो, म्हणून आधी चौकशी करून जा. हत्तींनाही सुट्टी मिळते हे तिला फार आवडलं.

हेमलकसा राहिलं. १९७३ च्या डिसेंबरात सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प घाईत बघून यायची जागा नाही. लेक थोडी मोठी झाली की फक्त त्याच्यासाठी जाऊ.

८. खाणं थोडक्यात.

मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, केळी, मूग-तांदळाची खिचडी. मुरमुऱ्यांना बंगाली घरात मुडी म्हणतात आणि त्यावर कच्च्या मोहरीच्या तेलाचे थेंब घालतात. लेकीने ती वाटीभर खाल्ली, घरी मात्र त्याच मुरमुऱ्यांना हात लावत नाही. गाडी लागू नये म्हणून निघण्याआधी दूध नको. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की जिथे पंप दिसेल तिथे भरा. रोख पैसे सुट्टे ठेवा. नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

आठव्या दिवशी संध्याकाळी नागपूरला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आलो. नवऱ्याने नेहमीच्या जागी गाडी लावली आणि किल्ली फिरवली. लेक सीटवरून म्हणाली, "थांब ना बाबा. आपण विचारलंच नाही." मी तिचा बेल्ट सोडला. ती उतरली, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या चौकीदारकाकांसमोर गेली आणि चपला काढून उभी राहिली.