चेंडूवरचे चित्त



पुण्यात बाळू पालवणकर गोऱ्या साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. पुढे ते हिंदू संघातून खेळले. त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. तरी चेंडू हाती घेतला की चित्त चेंडूवरच! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले.

सम्यक स्मृती ती हीच. अन्यायाशी लढायचेच, पण अपमानाच्या हाती आपले चित्त द्यायचे नाही.

मुलांना वंदनेनंतर पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसवा, मगच अभ्यास. मन भटकेल. रागावू नका, चेंडू पुन्हा टाकावा, तसे ते पुन्हा श्वासावर आणा.

जयभीम!