उभयान्वयी अव्ययाचा भार

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजी अर्जाचा मसुदा पोहोचला. अक्षर सुवाच्य असून तपशीलही यथास्थित आहे. परंतु पहिल्याच वाक्याचा आरंभ ‘ऑल्दो’ने करून पुढे स्वल्पविरामानंतर जो ‘बट’ घातला आहेस, तो काढून टाकलाच पाहिजे. ‘जरी’पाठोपाठ ‘तरी’ आल्यावाचून ज्यांच्या कानाला वाक्य पुरे झाल्याचे समाधान लाभत नाही, अशा आपणां सर्वांच्या लेखणीतून हा दोष सहज उतरतो. इंग्रजीची व्यवस्था निराळी आहे: ‘ऑल्दो’ ज्या वाक्याच्या आरंभी बसतो त्यास गौणत्व येते, आणि ‘बट’ दोन्ही वाक्यांचे प्राधान्य कायम राखतो, मग दोहोंची योजना एकदम केल्यास गौण वाक्याने कोणाच्या आश्रयास जावे? १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘दो’नंतर ‘येट’ वारंवार आढळतो खरा, पण ‘येट’ क्रियाविशेषण म्हणूनही नांदू शकतो. विरोध दाखविताना ‘बट’ला ती मुभा नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट तुझ्या तिसऱ्या वाक्यात आहे. ‘ऑल्दो आय नो अकाउंट्स, माय टायपिंग इज स्लो’ असे तू लिहिलेस. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. तथापि त्यात हिशेबाचे ज्ञान गौण आणि टंकलेखनातील मंदपणा प्रधान झाल्यामुळे, अर्ज वाचणाऱ्या साहेबाच्या ध्यानी नेमके तुझे वैगुण्यच राहील. तेच वाक्य उलटून ‘ऑल्दो माय टायपिंग इज स्लो, आय नो अकाउंट्स’ असे लिहिलेस, तर कबुली तितकीच प्रामाणिक राहून तुझ्या गुणाला त्याचे उचित स्थान मिळेल. म्हणून विरोधदर्शक अव्यय योजण्यापूर्वी कोणते विधान मान्य करून मागे ठेवावयाचे आणि कोणते ठासून सांगावयाचे, याचा निर्णय मनाशी आधी होऊ दे. अव्ययाची निवड त्यानंतरची.

‘डिस्पाइट’पुढे ‘ऑफ’ लिहू नये. तो ‘इन स्पाइट’पुढे शोभतो. ‘हाउएव्हर’ने दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाच्या आधारे सांधता येत नाहीत, त्याच्या पूर्वी अर्धविराम अथवा पूर्णविराम हवा.

मसुदा या दृष्टीने पुन्हा लिहून, पक्क्या कागदावर उतरविण्यापूर्वी उलट टपाली मजकडे पाठव. तीर्थस्वरूप दाजींस नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा मामा