इंटरनेट बंद पडले तर आधी काय पाहावे?



परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख, आणि नेमके तेव्हाच घरचे इंटरनेट बंद! अशा वेळी घाबरून वाटेल ती बटणे दाबू नयेत. नळाला पाणी आले नाही तर आपण आधी शेजारी विचारतो, मग टाकी पाहतो, मग तोटी. इथेही तसेच क्रमाने जावे.

१. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वाय-फायवर तो चालतो का, पाहा. चालला तर दोष लॅपटॉपकडे.

२. मोबाइलही चालत नसेल तर राउटर पाहा. फायबर जोडणीत ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाशाचा संकेत पोहोचत नाही. कंपनीला कळवा. लाल दिवा नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. रीसेटचे बारीक छिद्र टोचू नका. सर्व सेटिंग पुसली जाते.

३. लॅपटॉपवर एअरप्लेन मोड बंद आहे ना? आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वाय-फाय तोडून पुन्हा जोडा.

४. तारीख-वेळ चुकीची असल्यासही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

५. ‘पिंग ८.८.८.८’ला उत्तर येते, पण नाव टाकून साइट उघडत नाही? मग दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

अर्ज अडला असेल तर तोवर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवर कोणी बँकेचा ओटीपी मागितला, तर मुळीच देऊ नका.