प्रश्न चहाच्या वेळी विचारा

ऑनलाइन परिषद फुकटात पडते असं सांगणाऱ्या माणसाने ती फी कधी स्वतःच्या खिशातून भरलेली नसते, एवढं आधी ध्यानात घ्या. मला हे सांगणारे आमच्या एचआरचे साहेब होते. परिषद मुंबईत, मी अल रुवैसला. शीटपाइलच्या गंजावरचा माझा पेपर निवडला गेला होता. आखाताचं पाणी खुल्या महासागरापेक्षा खारट, उन्हाळ्याचं तर विचारूच नका, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात गंज लोखंड कसा खातो ते कतारच्या या उत्तर टोकाला आम्ही रोज बघतो. सांगण्यासारखं काही होतं, म्हणून तर पेपर लिहिला.

साहेबांनी कागदावर दोन रकाने पाडले. जायचं तर तिकीट, हॉटेल, भत्ता, सगळं मिळून चार हजार रियालच्या वर. ऑनलाइनच्या रकान्यात नुसती नोंदणी. ‘आणि जायचीच हौस असेल तर वार्षिक रजेचं तिकीट आहेच की तुमचं!’ म्हणजे पाच वर्षांहून अधिक नोकरी झालेल्याला कतारचा कामगार कायदा जी चार आठवड्यांची रजा देतो, ती मी गंजावर बोलण्यात घालवायची. वर पर्यावरण. 2021 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक अभ्यास आला होता, परिषद पूर्ण ऑनलाइन केली तर कार्बनचा भार 94 टक्क्यांनी घटतो असा. तो त्यांनी मला ऐकवला. अभ्यास खराच आहे. पण ऐकवणाऱ्याची लँड क्रूझर बाहेर एसीसाठी चालू ठेवलेली होती.

फीचं प्रकरण त्याहून वरचढ. पासपोर्ट भारताचा, डोंबिवलीच्या घराचा हप्ता दर महिन्याला जातो, पण आयोजकांच्या लेखी मी ‘विदेशी प्रतिनिधी’, कारण पत्ता कतारचा. त्यामुळे फी डॉलरमध्ये. प्रत्यक्ष यायचं तर 300, ऑनलाइन 250. डॉलरचा भाव इथे 2001 पासून 3.64 रियालला बांधलेला आहे, तेव्हा हिशेबात घोळ व्हायची सोय नाही: 1092 आणि 910. भारतातला प्रतिनिधी नऊ हजार रुपये भरून आत, म्हणजे चारशे रियालच्या आसपास. मला 50 डॉलरची जी सूट मिळाली, त्यात त्यांचं माझ्यावरचं जेवण, चहा आणि ती कापडी पिशवी वाचली. एवढी फी का, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘प्लॅटफॉर्मचा खर्च.’ बँकेने परकीय चलनाचा आकार लावला तो वेगळाच. पैसे आधी मी भरायचे आणि प्रमाणपत्र आलं की कंपनी देणार, असं ठरलं.

माझं सत्र गुरुवारी, तिकडच्या साडेअकराला. भारत आमच्यापुढे अडीच तास, म्हणजे इथले नऊ. साइटवर काम सुरू होऊन तास उलटून गेलेले. मी मुंबईत असतो तर त्या दिवशी मला कोणी फोन केला नसता. ऑनलाइन असल्यामुळे मी ‘ऑफिसातच’ होतो, त्यामुळे फोरमन दोनदा दार उघडून गेला. नेट गेलं तर पंचाईत नको म्हणून आयोजकांनी व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून मागवला होता. तो हॉलमध्ये लागला तेव्हा सुरुवातीला आवाजच नव्हता. माझे ओठ हलताहेत आणि लोक मोबाइल बघताहेत, हे मी इथून बघत होतो. मग आवाज आला, तोवर मुख्य आलेख निघून गेला होता.

व्हिडिओ संपला. तिसऱ्या रांगेत एकाने हात वर केला. मी सरसावून बसलो. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘वेळ झालेला आहे, प्रश्न चहाच्या वेळी विचारा.’

चहा मुंबईत. मी अल रुवैसला.

माझा माइक त्यांच्या हाती, तो बंद. मी स्क्रीनसमोर हात हलवला, चॅटमध्ये लिहिलं की त्या गृहस्थांचा प्रश्न मला कळवा. चॅटमध्ये एक स्वयंसेवक मुलगी होती. तिने लिहिलं, ‘थँक यू सर, नाइस प्रेझेंटेशन!’ आणि पुढच्याचा व्हिडिओ सुरू झाला. तो हात कोणाचा होता, त्याला काय विचारायचं होतं, ते मला कधीच कळलं नाही. 910 रियाल कशाचे भरले ते मात्र तेव्हा कळलं. परिषदेत विकत घ्यायचा तो चहाच असतो.

उरलेले दोन दिवस शुक्रवार-शनिवार, म्हणजे आमची सुट्टी. तीही स्क्रीनसमोर गेली. रेकॉर्डिंग तीन महिने राहील म्हणाले होते. लिंक त्याआधीच बंद पडली.

ऑनलाइन वाईटच, असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर 98 वं साहित्य संमेलन झालं, डॉ. तारा भवाळकर अध्यक्ष. मी ते इथे बसून, एक पैसा न देता, पाय पसरून पाहिलं. पुस्तकांचे स्टॉल हुकले एवढंच. ऐकायला जायचं असेल तर घरची खुर्ची उत्तम. सांगायला किंवा विचारायला जायचं असेल तर तिकीट काढा.

मी पुढे काढलं. पुण्यात दुसरी परिषद होती, खर्च सगळा स्वतःचा. राहायला बहिणीचं घर. तिकीट अकराशे रियालच्या घरात, कारण ईद आणि शाळांच्या सुट्ट्या टाळून तारीख होती. त्या दिवसांत हेच तिकीट दुपटीवर जातं. इथून हमद विमानतळ गाठायलाच टॅक्सीचे दोनशेवर होतात, मेट्रो आमच्यापर्यंत येत नाही. दोह्यातल्यांच्या हिशेबात हा खर्च नसतोच. पण तिथे चहाच्या रांगेत एक लेप बनवणारा भेटला आणि त्याने नमुने पाठवले. तेच नमुने आमच्या साहेबांनी पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःच्या हाताने दाखवले. असो.

तर, नोंदणीआधी मेलवर लेखी विचारा: मला थेट बोलता येणार की व्हिडिओच लावणार? माइक कोणाच्या हाती? हॉलमधला प्रश्न माझ्यापर्यंत कोण पोचवणार, त्याचं नाव काय? फी पासपोर्टवर ठरते की पत्त्यावर? पत्त्यावर असेल तर भांडा. मी नंतर भांडलो, तेव्हा ‘भारतीय नागरिक, अनिवासी’ असा एक दर निघाला, जो माहितीपत्रकात कुठेच छापलेला नव्हता. प्रत्यक्षचं ऑनलाइन करून घेतलं तर फरकाची रक्कम परत मिळते का, तेही बघा. बहुधा मिळत नाही. ऑनलाइन असलात तरी त्या दिवसाची कामातून सुट्टी साहेबाच्या सहीने घ्या. तोंडी होकार फोरमनला माहीत नसतो. हेडफोन चांगला घ्या, पाणी जवळ ठेवा, वगैरे सगळे सांगतातच. आणि व्हॉट्सअॅपवर आयोजकांशी बोलू, या भरवशावर राहू नका. इथून तो कॉल लागेलच असं नसतं, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

परतफेडीचं मात्र आधीच कागदावर आणा. प्रमाणपत्र जोडून मी बिल दिलं, तेव्हा अकाउंट्सने ‘ऑनलाइनला एवढी फी असूच शकत नाही’ म्हणून निम्मीच मंजूर केली. फुकटात पडतं असं सांगणाऱ्या साहेबांचीच त्यावर सही होती. उरलेल्या 455 रियालांसाठी मी पुन्हा अर्ज केला. तो मागच्या आठवड्यात परत आला. शेरा असा: बोर्डिंग पास जोडलेला नाही.